मुख्यालयी मुक्काम

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास हुडकेश्वर आणि नरसाळ्याच्या ले-आउटांमधून स्कूटी बाहेर पडायला लागतात. मी इथे राहायला आलो तेव्हा हे नागपूरबाहेरचे गाव होते. आता महापालिकेत आले आहे. स्कूटी दिघोरीकडे जातात. तिथे उमरेड रस्त्यावर कुणी एसटी धरते, कुणी काळीपिवळी, तर कुणी चौघांत भाड्याने ठरवलेली गाडी. कुही, उमरेड, भिवापूर आणि काही जण त्याही पुढे नागभीडपर्यंत. यात शिक्षक असतात, ग्रामसेवक असतात आणि आरोग्य खात्याच्या सिस्टरही असतात. आमच्याकडे याला ‘अप-डाऊन’ म्हणतात. सरकारी कागदावर यालाच ‘मुख्यालयी न राहणे’ असे नाव आहे आणि तो शिस्तभंग आहे.

आमच्या शेजारच्या गल्लीत अशाच एक सिस्टर राहतात. उपकेंद्रावर नोकरी करून त्यांना वीस वर्षे झाली. तुम्ही मुख्यालयी का राहत नाही, असे मी त्यांना एकदा सरळच विचारले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मी राहाले नाही म्हणत नाही, भाऊ. पन क्वार्टरची छत गळते, नळाले पानी नाही, अन् पोरीची शाळा कुठं आहे तिथं? यायची नोकरी नागपुरात. मी एकटी तिथं राहून काय करू?’’ ‘यायची’ म्हणजे त्यांच्या यजमानांची.

हा प्रश्न मी निव्वळ कुतूहलाने विचारला नव्हता. १९९४ च्या पावसाळ्यात, भिवापूरच्या पुढच्या एका खेड्यात माझ्या थोरल्या बहिणीला रात्री कळा सुरू झाल्या. गावात उपकेंद्र होते, पण त्याला कुलूप होते. सिस्टर संध्याकाळच्या गाडीने निघून गेल्या होत्या. सुईणीने बाळंतपण केले. मूल झाले, पण रडले नाही. जीप मिळून दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते. पुढे कित्येक वर्षे मी त्या न पाहिलेल्या बाईला मनातल्या मनात दोष देत आलो. नंतर हुडकेश्वरात राहायला आलो आणि अशाच बायका माझ्या शेजारी झाल्या. त्यांची पहाट रोज डोळ्यांसमोर आली आणि मग दोष देणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. मी डॉक्टर नाही. मिळतील ते अहवाल, शासननिर्णय आणि पुस्तके वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

जागा भरणे आणि माणूस राहणे

ग्रामीण आरोग्यसेवेबद्दल बोलताना आपण ‘रिक्त पदे’ मोजतो. पद भरले की प्रश्न सुटला, असे धरून चालतो. पण पद भरणे आणि माणूस तिथे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लसीकरणाचे काम दिवसा होते, ते अप-डाऊन करूनही निभते. पण साप आणि बाळंतपण कार्यालयीन वेळ पाहत नाहीत. जन्मलेल्या बाळाचा श्वास सुरू व्हायला मिनिटे मिळतात, तास मिळत नाहीत.

नियमाप्रमाणे सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हे आकडे अनुक्रमे तीस हजार आणि वीस हजार आहेत. आकडे उदार वाटतात, पण त्यांचा अर्थ जमिनीवर उतरवून पाहावा लागतो. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला ४७० होती आणि गडचिरोलीची ७४. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे आणि लोकसंख्या जेमतेम पावणेअकरा लाख. या हिशेबाने तिथले तीन हजार लोक सरासरी चाळीस चौरस किलोमीटरांत विखुरलेले असतात. मध्ये जंगल, नाले आणि पावसाळ्यात पूर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. अशा ठिकाणी रस्त्याने येणारा माणूस नेमका गरजेच्या वेळी येऊ शकत नाही. आधीपासून तिथे असेल तोच उपयोगाचा.

हे दुखणे फक्त आपले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या विषयावर पहिल्यांदा मार्गदर्शक शिफारशी काढल्या, तेव्हा जगाची साधारण निम्मी लोकसंख्या ग्रामीण भागात राहत होती. पण तिच्या वाट्याला एकूण परिचारिकांपैकी ३८ टक्के आणि डॉक्टरांपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी येत होते. २०२१ मध्ये त्या शिफारशींची सुधारित आवृत्ती निघाली. त्यांचे चार गट आहेत : शिक्षण, नियम, पैसा आणि व्यक्तिगत व व्यावसायिक आधार. यांतला एकच धरला तर भागत नाही, चारही एकत्र लागतात, असे त्या सांगतात. आपल्याकडे भर राहिला तो मुख्यतः दुसऱ्यावर, म्हणजे नियमावर.

एक जुना रस्ता

नागपूरच्या वाचकांना मेयो रुग्णालय माहीत असते, पण त्याच्याशी जोडलेली रॉबर्टसन मेडिकल स्कूल आता फारशी कुणाला आठवत नाही. १९१४ मध्ये सुरू झालेल्या या शाळेतून ‘एलएमपी’ म्हणजे परवानाधारक डॉक्टर तयार होत. पदवीपेक्षा लहान, कमी खर्चाचा अभ्यासक्रम. मॅट्रिक झालेला तालुक्याच्या गावचा मुलगाही तिथे पोहोचू शके. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या अनेक लहान गावांनी पाहिलेला पहिला ‘डॉक्टर’ हा असा एलएमपी होता.

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. त्या वेळी देशात नोंदणीकृत डॉक्टर होते साधारण साडेसत्तेचाळीस हजार. त्यांपैकी १७,६५४ पदवीधर आणि २९,८७० परवानाधारक, म्हणजे पाचांतले तीन एलएमपी होते. समितीने बहुमताने ठरवले की यापुढे देशात एकाच दर्जाचा, पूर्ण पदवीचा डॉक्टर असावा. सहा सभासदांनी भिन्नमतपत्रिका जोडली. डॉक्टरांची इतकी टंचाई असताना हा मार्ग बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. नागपुरात १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि मेडिकल स्कूलचे पर्व संपले.

बहुमताची भूमिका चुकीच्या हेतूची नव्हती. खेड्याला कमी शिकलेला डॉक्टर आणि शहराला पूर्ण शिकलेला, हा भेदभाव नव्या देशाला शोभत नाही, असा त्यामागचा विचार होता. एलएमपींच्या संघटनाही समान दर्जाच मागत होत्या, आणि सगळे एलएमपी काही खेड्यात बसलेले नव्हते. पण निर्णयाचा एक परिणाम असा झाला की डॉक्टर होण्याचा रस्ता मोठ्या शहरातूनच जाऊ लागला. उमेदीची साडेपाच वर्षे शहरात काढायची, शहरातल्या मोठ्या रुग्णालयातले आजार शहरातल्या यंत्रांनी तपासायला शिकायचे आणि मग एकट्याने खेड्यात बसायचे, अशी अपेक्षा आपण करू लागलो.

ही अपेक्षा पुरी करण्यासाठी बंधपत्र आले. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे, असा नियम होता. ज्याच्या घरी दहा लाख होते त्याला या नियमातून वाट होती, ज्याच्या घरी नव्हते त्याला नव्हती. जो जातो त्याचेही बरेचसे लक्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांत असते. वर्ष संपते, तो निघतो आणि गावाला पुन्हा नवा चेहरा. बंधपत्राने माणूस येतो हे खरे, आणि काही काळ जागा भरलेली असणे हेही निरुपयोगी नाही. पण त्याने मुक्काम होत नाही.

परिचारिका, आरोग्यसेवक आणि शिक्षकांसाठी दुसरा नियम आहे. मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव आणावा, तरच घरभाडे भत्ता, अशी अट २०१९ च्या शासननिर्णयाने घातली. ठराव हा कागद आहे. क्वार्टर गळत असेल तर कागदाने ते थांबत नाही.

ज्या गोष्टी आपण अर्ध्याच सांगतो

दिवाळी अंकांच्या वाचकाला हेमलकसा, शोधग्राम, बैरागड ही नावे नवी नाहीत. नागपूरकरांना तर विशेष जवळची, कारण यांतले बरेच डॉक्टर नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. या गोष्टी आपण त्यागाच्या म्हणून सांगतो, आणि त्याग त्यांत आहेच. पण एखादा माणूस दूरच्या गावी कसा टिकतो, हे शोधण्यासाठी मी त्या पुन्हा वाचल्या तेव्हा त्यागाच्या शेजारी दुसरेही काही दिसले.

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे तिथे एकटे राहिले नाहीत, डॉ. मंदाकिनी आमटे सोबत होत्या. त्या स्वतः भूलतज्ज्ञ; म्हणजे जोडीदाराची नोकरी शंभर कोसांवर नव्हती, त्याच दवाखान्यात होती. मागे आनंदवनासारखी मोठी संस्था उभी होती आणि बरोबर कार्यकर्त्यांचा गट होता. १९७६ मध्ये तिथे शाळा निघाली. ती माडिया मुलांसाठी होती, आणि आमट्यांची स्वतःची मुलेही तिथेच शिकली. पुढे डॉ. दिगंत आमटे त्याच दवाखान्यात काम करू लागले.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. तेही दोघे डॉक्टर, दोघांना तिथे पूर्ण वेळचे काम. त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली आणि शोधग्राम वसवले. तिथे कार्यकर्त्यांची घरे एकमेकांना लागून आहेत. कोणत्या आजारावर काम करायचे, कोणता प्रश्न अभ्यासायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच हातात होता.

मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथेही पुन्हा दोघे.

या सगळ्यांत चार गोष्टी कमीअधिक प्रमाणात सापडतात : जोडीदाराला काम, मुलांच्या शिक्षणाची काही सोय, सोबतीला सहकारी आणि आपल्या कामावर आपला अधिकार. या सोयी त्यांना कुणी दिल्या नाहीत, त्यांनी स्वतः उभ्या केल्या, आणि हेच त्यांचे मोठेपण. पण एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बदलून आलेल्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे यांतली एकही गोष्ट नसते. बायको नागपुरात किंवा पुण्यात नोकरीला. दुसरे वैद्यकीय अधिकारी पद रिकामे, म्हणून दिवस-रात्र एकट्यावर. औषध संपले तर मागणीपत्र पाठवून वाट पाहायची. एखादा रुग्ण दगावला की जमावापुढे उभा राहणाराही तोच. त्याने मग आमट्यांसारखे का होऊ नये, असे आपण विचारतो. आपण त्याच्याकडून त्याग मागतो, पण त्या त्यागाला ज्या घराने आणि ज्या माणसांनी धरून ठेवले, ते द्यायचे विसरतो.

जी आधीपासून तिथेच आहे

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. सुरुवातीला त्यांनीही प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. एकट्या तरुण बाईला अनोळखी गावात राहणे जड जाई, आणि गावही तिला आपली मानत नसे. तेव्हा गावातल्याच बाया निवडाव्यात, असे ठरले. त्यांत दलित होत्या, विधवा आणि परित्यक्ता होत्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती. आठवड्यातून ठरल्या दिवशी जामखेडला येऊन शिकायचे आणि परत आपल्या गावी जायचे. त्यांना टिकवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांचे घर तिथेच होते.

गडचिरोलीत बंग दांपत्याने हाच विचार नवजात बाळांपर्यंत नेला. ३९ गावांतल्या, पाचवी ते दहावीच्या आसपास शिकलेल्या बायांना त्यांनी शिकवले : बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, ऊब देणे, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि वेळ पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे. तुलनेसाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला.

हे शिक्षण त्या गावांत सुरू झाले ते १९९५ मध्ये. माझ्या बहिणीचे मूल गेले त्याला तेव्हा एकच वर्ष झाले होते, आणि ते गाव तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास. न रडलेल्या बाळाला श्वास देणे ही दहावी न झालेल्या बाईला शिकवता येण्याजोगी गोष्ट आहे, हे मी वाचले तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. त्या रात्री तिथे डॉक्टर नसला तरी चालले असते. शिकवलेली एक बाई गावात झोपलेली असती, तर कदाचित पुरले असते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या. ती त्याच गावची रहिवासी असावी, ही पहिली अट. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी तिच्या कामात आल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा भेटी, घरी झाले असेल तर सात, आणि सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर अडीचशे रुपये. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. २०२४ च्या मार्चमध्ये राज्याने त्यांच्या मानधनात पाच हजारांची वाढ मंजूर केली.

इथे एक धोका सांगायला हवा. आशा टिकते, हे आपण यश म्हणून मोजतो. पण ती टिकते ती बहुधा जाण्यासारखी दुसरी जागा नसते म्हणून. जो जाऊ शकतो त्याला राहण्यासाठी भत्ता द्यायचा आणि जी जाऊ शकत नाही तिला ‘स्वयंसेविका’ म्हणून मोबदल्यावर ठेवायचे, हा हिशेब न्यायाचा नाही. शिवाय ती एकटी सगळे करू शकत नाही. तिच्यामागे उपकेंद्राची सिस्टर लागते, सिस्टरमागे डॉक्टर लागतो आणि रक्त व शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय लागते. गावची बाई शिकवली म्हणून डॉक्टरची गरज संपली, असा अर्थ कुणी काढू नये.

मग काय करावे?

पहिली गोष्ट निवडीची. खेड्यात वाढलेला विद्यार्थी खेड्यात परतण्याची शक्यता जास्त असते, याला या विषयातल्या पुराव्यांत वरचे स्थान आहे. थायलंडने सत्तरच्या दशकापासून डॉक्टरांना सक्तीची ग्रामीण सेवा लावली. पण तेवढ्यावर न थांबता ग्रामीण भागातले विद्यार्थी निवडणे, दूरच्या जागेला जादा भत्ता देणे आणि परिचारिका त्यांच्याच मुलखातून घेऊन तिथेच परत पाठवणे, हेही केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत गडचिरोली आणि भंडारा आहेत. इमारत गडचिरोलीत आणि विद्यार्थी सगळे बाहेरचे, असे झाले तर उपयोग अर्धाच. तिथल्या जागांपैकी काही तिथल्या मुलामुलींना मिळाव्यात आणि शिक्षणातले काही महिने भामरागड-एटापल्लीच्या केंद्रांत जावेत. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून प्रत्येक तुकडीला एक गाव देते. हा अनुभव आपल्या उंबरठ्यावर आहे.

दुसरी गोष्ट मधल्या फळीची. शेजारच्या छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. विरोधामुळे तो पुढे बंद पडला, पण त्यातून तयार झालेले साहाय्यक प्राथमिक केंद्रांत नेमले गेले. नेहमीचे आजार तपासण्यात ते एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे ठरले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. आपल्याकडे आयुर्वेदाचे पदवीधर दुर्गम भागात वर्षानुवर्षे मानधनावर काम करत आले, आणि आता उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, तेही कंत्राटी. ज्याची नोकरी पुढच्या वर्षी असेल की नाही हे ठाऊक नाही, तो त्या गावात घर मांडत नाही.

तिसरी गोष्ट घराची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. नेमणूक करताना एका माणसाचा विचार होतो, पण राहायचे असते कुटुंबाला. न गळणारे क्वार्टर आणि पाणी. पती-पत्नी दोघे सरकारी नोकरीत असतील तर जवळपास नेमणूक. एका केंद्रावर एकटा डॉक्टर न ठेवता दोघे. दुर्गम भागातली तीन वर्षे झाली की ठरल्या तारखेला, कुणाच्या शिफारशीविना बदली. कारण सुटका कधी होणार हे माहीत असले की माणूस तेवढा काळ मन लावून राहतो. या यादीत नवे काही नाही आणि भव्यही काही नाही. कदाचित म्हणूनच तिचे उद्घाटन करायला कुणी येत नाही.

हा लेख लिहीत असताना त्या सिस्टरांना मी एवढे सगळे वाचून दाखवले. त्यांची निवृत्ती आता जवळ आली आहे. माझ्या जागी त्या गावचीच पोरगी यायला पाहिजे, हे त्यांना पटले. त्यांच्या उपकेंद्राच्या गावातली एक मुलगी सध्या नर्सिंगला आहे, असेही त्यांनी सांगितले. मग थोडे थांबून म्हणाल्या, ‘‘पन भाऊ, तिचं लग्न झाल्यावर तिलेही लेकरं होतीनच ना. त्याइले शाळा कुठं आहे तिथं?’’

मुद्दा बरोबर होता. गावची मुलगी परत आली म्हणजे प्रश्न मिटला, असे मी धरून चाललो होतो. पण जी शाळा सिस्टरच्या मुलीला पुरेशी नव्हती, ती गावातल्या मुलांना तरी पुरेशी कशी? जे छत सिस्टरला गळके वाटले, त्याच छताखाली गावच्या बाया बाळंत होतात. सिस्टरने राहावे असे गाव झाले, तर गावातले इतरही कमी संख्येने निघून जातील. तोवर पहाटेच्या स्कूटी निघत राहणार. त्यांना कामचुकार म्हणण्यापूर्वी, ज्या गावी त्या निघाल्या आहेत तिथे रात्री राहायला आपण काय ठेवले आहे, हे एकदा जाऊन पाहावे.